मोठ्या दुकानाच्या जाहिरातीत 'कलाकार' म्हणून बोलावलंय, पैशाचं कसं बोलायचं?

शाईचे_हात

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी छापचित्रं करते. म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर कोरायचं, रोलरने शाई फिरवायची आणि कागदावर छापा काढायचा. पुण्यात एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्यात, एकीत प्रेस आणि दुसरीत दोरीवर वाळत घातलेले कागद, त्यालाच मी स्टुडिओ म्हणते. गेल्या महिन्यात एका बड्या डिपार्टमेंट स्टोअरच्या एजन्सीतून फोन आला. नाव नको, पण आपण जिथे एसी खायला शिरतो आणि टॅग उलटून बघून ड्रेस गुपचूप परत टांगतो तसलं दुकान. त्यांची यंदाच्या सिझनच्या कपड्यांची कॅम्पेन आहे आणि त्यात मॉडेल नकोयत, 'खरी क्रिएटिव्ह माणसं' हवीयत. एक आर्किटेक्ट, एक सतारवाले, एक शेफ, एक कवी आणि मी.

परवा टेस्ट शूट झालं, माझ्याच स्टुडिओत. अंगात ८४ हजारांचं जॅकेट. माझ्या नखांत काळी शाई असतेच, ती रॉकेलने पण जात नाही, मेकअपवाली मुलगी ती काढायला बसली तर फोटोग्राफर तिकडून ओरडला, अगं राहू दे राहू दे, तेच तर पाहिजे! मग दुसरी आली आणि जॅकेटच्या बाहीला आतून सेलोटेप लावून गेली, शाई लागू नये म्हणून. रोलर हातात दिला तो पण धुऊन पुसून. म्हणजे नखातली शाई खरी, आणि मी भिंतीवरच्या माझ्याच चित्रांपुढे कोरडा रोलर फिरवत हसतेय. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो अर्धा तास हसत होता.

आता मुद्दा. मानधन म्हणून ते २५ हजारांचं गिफ्ट व्हाउचर देतायत, त्यांच्याच दुकानाचं, वर "तुमचं काम लाखो लोकांपर्यंत पोचेल". जॅकेट परत द्यायचं. फोटो कुठे कुठे लावणार विचारलं तर "सगळीकडे ताई". मला पैशाचं बोलायला फार जड जातं, चित्राची किंमत सांगताना पण मी आधी दहा टक्के कमी करून मग बोलते. जावं का? गेले तर काय मागावं? आणि मुळात मॉडेल सोडून आमच्यासारख्यांना उभं करून ह्यांचे कपडे खपतात का, हे मला खरंच कळत नाहीये.

मुद्दाम_तिरका

व्हाउचर २५ चं आणि जॅकेट ८४ चं. उरलेले ५९ घरून भरा आणि कलाकार व्हा. हलकं घ्या.

जुना_कॉपीवाला

ताई, मुंबईत एजन्सीत पंचवीस वर्षं घासलीयत, तेव्हा हे नीट वाचा आणि मग फोन उचला.

तुमच्या धाग्यातला सगळ्यात महागडा शब्द म्हणजे "सगळीकडे". जाहिरातीत माणसाला दोन गोष्टींचे पैसे असतात, एक त्या दिवसाचे आणि दुसरे वापराचे, आणि खरा आकडा दुसऱ्यात असतो. वापर म्हणजे कुठे (पेपर, होर्डिंग, दुकानाच्या आत, इन्स्टा, विमानतळ), किती दिवस आणि कुठल्या देशात. ह्या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून मागा. एक वर्ष म्हणा, भारत म्हणा, होर्डिंग असेल तर त्याचा वेगळा आकडा म्हणा, आणि वर्षानंतर परत लावायचं असेल तर परत पैसे. शिवाय ते 'एक्सक्लुझिव्ह' घालतील, म्हणजे तुम्ही दुसऱ्या कुठल्या कपडेवाल्याचं काम करायचं नाही, त्याची पण किंमत असते, फुकट देऊ नका.

दुसरं, तुम्ही जाता जाता लिहून गेलात पण मी तिथेच थांबलो. "भिंतीवरच्या माझ्याच चित्रांपुढे". अहो ती चित्रं जाहिरातीत दिसणार ना? मग तो तुमच्या चेहऱ्याचा मामला राहिलाच नाही, तो चित्राच्या कॉपीराइटचा झाला. तुम्हाला ते माणूस म्हणून उभं करतायत आणि मागे तुमचं काम फुकटात नेपथ्य म्हणून वापरतायत. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात परवानगी लेखी लागते, आणि कागदावर मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशापुरती ते लिहिलं नसेल तर भारतापुरती. म्हणजे कायदा तुम्हाला थोडंफार सांभाळतो, पण एजन्सीचा वकील "कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात" असं टाइप करून पाठवतो (खरंच विश्व लिहितात, मंगळावर होर्डिंग लावणार असल्यासारखं) आणि कलाकार मंडळी शेवटच्या पानावर सही करून मोकळी होतात. चित्रांचं वेगळं पत्र करा, वेगळा आकडा.

तिसरं, व्हाउचर. २०२२ च्या जुलैपासून आयकरात १९४आर आलं, धंद्याच्या निमित्ताने वर्षात वीस हजारांच्या वर वस्तुरूपात काही दिलं तर देणाऱ्याला दहा टक्के टीडीएस भरावा लागतो. म्हणजे तुमचं २५ चं व्हाउचर हे उत्पन्नच आहे, त्यावर कर आहे, आणि त्याने तुम्ही ना शाई आणू शकत ना वाड्याचं भाडं देऊ शकत. रोख फी मागा, तुमचं बिल द्या, फीवरचा टीडीएस कापू देत, तो रिटर्नमध्ये दिसतो.

कपडे खपतात का, हा खरा प्रश्न आहे पण त्याचं उत्तर माझ्यापेक्षा इथे दुसरं कोणी देईल. मी एवढंच सांगतो, झाकीरभाई ताजमहाल चहाच्या जाहिरातीत आले तेव्हा ते तबला वाजवत होते. कोरडा नव्हे. वाजवून झाल्यावर चहा. म्हणून ती जाहिरात आमच्या पिढीच्या डोक्यातून अजून जात नाही.

शाईचे_हात

कॉपीवाले दादा, दंडवत घ्या. चित्रांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं हो. मी आपली त्या दिवशी भिंत छान दिसावी म्हणून चांगली चांगली निवडून लावली होती 🤦‍♀️

निशिकासाईकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून ऑफिसच्या ट्रेनमध्ये टाइप करतेय, शुद्धलेखन पोटात घाला. मी मूळची पुण्याची, तिथेच जपानी शिकले आणि गेली अकरा वर्षं तोक्योत आहे. "असल्या जाहिरातीने कपडे खपतात का" ह्याचं सगळ्यात भारी उदाहरण इथलंच आहे.

सेइबू नावाचं डिपार्टमेंट स्टोअर, मुख्य दुकान इकेबुकुरोला, स्टेशनला चिकटूनच. १९८२ साली त्यांनी कॅम्पेन केली आणि त्यात कोणाला घेतलं तर वुडी अॅलनला. न्यूयॉर्कचा चष्मेवाला सिनेमावाला, त्याला जपानी हाओरी हाकामा घालून बसवलं, हातात कागद, कागदावर ब्रशने त्याने स्वतः गिरवलेली जपानी अक्षरं. ओइशिई सेइकात्सु. बस. दुकानातली एकही वस्तू नाही, किंमत नाही, सेल नाही. ओळ लिहिली इतोइ शिगेसातोने आणि आर्ट डायरेक्शन आसाबा कात्सुमीचं. (हा तोच इतोइ ज्याची होबोनिची डायरी आपल्याकडच्या स्टेशनरीवेड्या पोरी मागवून घेतात.)

आता ओइशिई म्हणजे चविष्ट आणि सेइकात्सु म्हणजे जगणं, रोजचं राहणं. जेवणाचा शब्द उचलून जगण्याला लावला. आमच्या सरांनी वर्गात विचारलं होतं मराठीत कसं कराल, कोणी चविष्ट आयुष्य म्हणालं, कोणी रुचकर जीवन, ते तर मसाल्याच्या पाकिटावरचं वाटलं. मागच्या बाकावरचे एक आजोबा म्हणाले, अहो आपल्याकडे आहेच की, चवीनं खाणार त्याला देव देणार. सर खूश. आणि खरंच म्हणणं तेच होतं, किती आहे ते सोडा, चवीनं जगताय का ते बोला. पोटभर खाऊन झालेल्या देशालाच ते विचारता येतं म्हणा, आणि १९८२ चा जपान तसा होता.

पण मला सांगायचंय ते पुढचं. हे पोस्टर चाललं त्याचं कारण वुडी अॅलन एवढंच नाही. त्या दुकानाचा मालक त्सुत्सुमि सेइजि हा स्वतः कवी आणि कादंबरीकार होता, त्सुजिइ ताकाशि ह्या टोपणनावाने लिहायचा, आणि ते टोपणनाव इथे साहित्यात खरंच मानलं जातं. त्याने १९७५ साली दुकानाच्या बाराव्या मजल्यावर आधुनिक कलेचं म्युझियम काढलं होतं. म्हणजे खाली हँडबॅगा आणि वर चित्रं, आणि चित्रं बघायला आलेला माणूस लिफ्टने उतरताना हँडबॅगांवरून जाणार. धंदा होताच, पण म्युझियम खरं होतं, नंतर नाव बदललं तरी १९९९ पर्यंत चाललं. त्याच समूहातून १९८० साली मुजी निघालं, हो तेच मुजी, जे २०१६ मध्ये मुंबईत आलं. एकीकडे महागडं दुकान आणि दुसरीकडे 'ब्रँड नसलेला चांगला माल', दोन्ही एकाच घरातलं. त्यामुळे सेइबूने कलाकार पोस्टरवर घेतला तर लोकांना ते ओढूनताणून वाटलं नाही.

त्याच समूहाचं पार्को, ते अजून वेगळं. पार्को म्हणजे मुळात इमारत, आत दुकानं भाड्याने दिलेली. स्वतःचा मालच नाही तर जाहिरात कसली करणार? म्हणून त्यांची जाहिरातवाली इशिओका एइको हिला मोकळं रान मिळालं. तिने फे डनअवे ह्या हॉलिवूडच्या नटीला काळ्या पडद्यापुढे बसवलं आणि त्या नटीने काय केलं तर एक उकडलेलं अंडं सोललं आणि खाल्लं. सावकाश. संपली जाहिरात. सत्तरचं दशक संपतानाची गोष्ट आहे ही. आज बघितलं तरी माणूस हातातला फोन खाली ठेवतो. इशिओकाला पुढे सिनेमाच्या कपड्यांसाठी ऑस्कर मिळालं, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनाचे कपडे पण तिचे.

आणि इथल्या डिपार्टमेंट स्टोअरचं आतलं गणित पण तसंच काहीसं आहे. पुष्कळसा माल दुकानाचा नसतोच. गिऱ्हाईकाने विकत घेतला की त्या क्षणी तो दुकानाने खरेदी केला असं वहीत धरतात, तोवर तो माल बनवणाऱ्या कंपनीचा, काउंटरवरची बाई पण बऱ्याचदा कंपनीचीच. मग दुकानाकडे स्वतःचं विकायला काय उरतं? नाव, जागा, हवा. त्याचीच जाहिरात. म्हणून ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की जॅकेट खपायला त्यांना तू नकोच आहेस, जॅकेट सेलमध्ये आपोआप खपेल. "आमच्याकडे असली माणसं येतात" हे सांगायला तू हवीयस. आणि ते जॅकेटपेक्षा महाग असतं, त्या हिशोबाने माग.

(अवांतर: ही गोष्ट गोड शेवटाची नाहीये. जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटल्यावर समूह कर्जात बुडाला, तुकडे झाले. २०२३ च्या ३१ ऑगस्टला इकेबुकुरोच्या त्याच दुकानातल्या लोकांनी एक दिवसाचा संप केला, दुकान अमेरिकन फंडाला विकायला निघाले म्हणून. जपानमध्ये डिपार्टमेंट स्टोअरमधला संप साठ वर्षांत झाला नव्हता. मी त्या दिवशी मुद्दाम तिकडून गेले, शटर खाली आणि दारात माफीचा कागद. दुसऱ्या दिवशी दुकान विकलं गेलंच.)

इस्त्रीवाली

निशिकासाईकर +१, काय लिहिलंयस.

मी स्टायलिस्टच्या हाताखाली काम करते, म्हणजे ताईच्या बाहीला टेप लावून गेली ती 'दुसरी' 😅 तुमच्या शूटवर नव्हते हां, पण असू शकले असते. आमची बाजू पण ऐका. ते जॅकेट दुकानातून चलनावर येतं, टॅग काढायचा नाही, आत दुमडून पिनेने अडकवायचा, बुटांच्या तळव्याला मास्किंग टेप, आणि संध्याकाळी जसं आलं तसं परत. डाग पडला तर माझ्या पगारातून. म्हणून मी टेप लावते, कलेचा अपमान करायचा म्हणून नाही.

आणि एक आतली गोष्ट सांगते. मॉडेलला साइझ ठरलेली असते, कपडे तिच्या मापाचे येतात. 'खऱ्या माणसां'साठी पण तेच सँपल साइझचे येतात, मग पाठीमागून आम्ही क्लिपा लावतो नाहीतर शिवण उसवून ठेवतो, समोरून झकास. म्हणजे फोटोत सतारवाले काका कोटात ऐटीत बसलेले दिसतात आणि मागून कोट वरपासून खालपर्यंत उघडा असतो. तर ताई, आधी माप पाठवा आणि "माझ्या मापाचं आणा" म्हणा. तुम्ही श्वास घेऊ शकलात तर फोटो पण बरा येतो.

रोलरला शाई पाहिजे असेल तर तसं आधी सांगा, दुकानाकडून एक पीस 'खराब झाला तरी चालेल' असा सोडवून घेता येतो. मागितलं तर मिळतो, मागत कोणी नाही.

टेम्सकाठचा_टिळा

लंडनहून दोन पैसे. २०१५ च्या जानेवारीत इथे सेल्फ्रिजेसने 'ब्राइट ओल्ड थिंग्ज' म्हणून प्रकार केला होता. सगळी वयस्क कलाकार मंडळी, त्यात मॉली पार्किन ही ऐंशी ओलांडलेली चित्रकार लेखिका, आणि स्यू क्राइट्समन, जी आधी स्वयंपाकाची पुस्तकं लिहायची आणि नंतर चित्रकार झाली, नखशिखांत रंगीत बाई, गळ्यात वाटीएवढाले मणी. मला आवडलं ते असं की त्यांना नुसतं कपडे घालून उभं केलं नाही, ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या खिडक्याच त्यांच्या हाती दिल्या. बस स्टॉपवर उभं राहून बघायचो मी, थंडीत.

हे दुकान तसं पहिल्यापासून नाटकीच. १९०९ मध्ये दुकान उघडलं आणि त्याच वर्षी ब्लेरिओने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली तर ते विमान आणून दुकानात मांडलं. १९२५ ला बेअर्डने टीव्हीचं प्रात्यक्षिक तिथेच दाखवलं. गर्दी जमवायची, मग गर्दी मोजे घेऊनच जाते.

न्यूयॉर्कच्या बार्नीज ह्या दुकानाचं पण आठवतं. १९८६ साली वॉरहॉल, बास्किया, कीथ हेरिंग वगैरे चित्रकारांनी डेनिम जॅकेटांवर रंगकाम करून दिलं, मॅडोनासकट मोठमोठ्या लोकांनी ती घालून जिन्यावरून उतरून दाखवली, आणि जॅकेटं विकून आलेले पैसे एड्सच्या पेशंटांसाठी हॉस्पिटलला. त्या काळात तो आजार म्हटलं की लोक दोन हात लांब सरायचे. तिथे कलाकारांच्या हाताचं काम जॅकेटवरच होतं, मागच्या भिंतीवर नाही. बार्नीज २०२० मध्ये बंद पडलं ते वेगळं.

मुद्दाम_तिरका

म्हणजे सेइबूचे तुकडे, बार्नीजला टाळं. कलाकार पोस्टरवर लावला की दुकान बसतं असा निष्कर्ष काढू का? शाईताई, तुम्ही जाच तिथे, व्हाउचरचा बदला निघेल.

जुना_कॉपीवाला

तिरकेराव, मॉडेल लावणारी पण बसलीच की. भाडं आणि कर्ज बसवतं, पोस्टर नाही बसवत. आपल्या काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही स्टोअरची इमारत अजून उभी आहे बघा, दुकान कधीच गेलं. त्यांनी कुठे चित्रकार उभे केले होते?

ताई, सतारवाल्यांना फोन केलात का? त्यांना काय देतायत ते विचारा आधी. एकेकट्याला वेगळं गाठायचं ही एजन्सीची जुनी खोड आहे, आम्हीच लावलेली, त्यामुळे अधिकाराने सांगतोय.

शाईचे_हात

सगळ्यांचे खूप आभार. उशिरा आले कारण चार दिवस फोनवरच होते.

कॉपीवाले दादांनी सांगितलं तसं मेल केलं. एक वर्ष, भारत, रोख फी, होर्डिंगचा वेगळा आकडा, चित्रांचं वेगळं पत्र, माझ्या मापाचं जॅकेट, आणि रोलरला शाई. मेल तीनदा लिहिलं आणि आकडा तीनदा वाढवला, पाठवताना हात कापत होते हे कबूल. उत्तर आलं दुसऱ्याच दिवशी. फी द्यायला तयार आहेत, मी मागितली त्याच्या निम्मी, पण रोख. मापाचं जॅकेट हो. होर्डिंग विचार करून सांगतो. आणि चित्रांबद्दल लिहिलंय की त्याचा वेगळा खर्च ह्या बजेटमध्ये बसत नाही, तरी आपण भिंत रिकामी ठेवूया, स्टुडिओ 'मिनिमल' छान दिसेल.

हे वाचून मी बराच वेळ प्रेसवर बसून होते. छापचित्रवालीच्या स्टुडिओत एकही छापा नाही. मग उलटं मेल केलं की भिंत रिकामी असेल तर मला पण रिकामी धरा. आता सोमवारी फोन आहे.

दरम्यान सतारवाल्या काकांना गाठलं. त्यांना पण व्हाउचर, माझ्यापेक्षा पाच हजार कमी. कविराजांना फक्त "लाखो लोकांपर्यंत". आर्किटेक्ट बाई फोन घेत नाहीयेत. रोख फी एकट्या शेफला, कारण त्याला मॅनेजर आहे. पण माणूस चांगला निघाला, आकडा स्वतःहून सांगितला, आम्हा चौघांचा ग्रुप पण त्यानेच काढला. म्हणाला, ताई तुम्ही कोरड्या रोलरचं काय घेऊन बसलात, मला गॅस पण लावू दिला नाही, धुराने कोटाला वास लागतो म्हणून, दीड तास थंड कढईत उलथनं हलवतोय.